स्मरणिकेतल्या विशेषणांत आबा सापडेनात

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र थोडं आटोपतं करून देत आहोत.

«आमचे वडील, आबा, गेल्या आषाढात वयाच्या ८१व्या वर्षी गेले. गावचे सुतार. औतं, गाड्या, चौकटी, देव्हारे सगळं केलं. चाळीसच्या वर वाऱ्या झाल्या. वर्षश्राद्धाला ३२ पानांची स्मरणिका काढायचं ठरलंय. भावाने मजकूर लिहून आणला : ‹कै. आबा अत्यंत प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू व धार्मिक वृत्तीचे होते.› वाचलं आणि वाटलं, हे कुणाच्याही वडिलांना चालेल. आईला विचारलं तर म्हणते, ‹काय सांगायचं, काम केलं आणि देवाचं केलं.› घरात हत्यारांची पेटी आहे, बलुत्याच्या, म्हणजे कामाबद्दल घराघरातून मिळणाऱ्या धान्याच्या, चार वह्या आहेत, तीन-चार फोटो आहेत. हत्यारं पॉलिश करून शोकेसमध्ये ठेवू असं भाऊ म्हणतो, वहिनी म्हणते विकून टाका. आणखी एक. माळ घालण्याआधी आबा दारू प्यायचे, आईला त्याचा फार त्रास झाला. हे लिहावं का? हातात चार महिने आहेत. कुठून सुरुवात करू?»

ताई,

आईंपासून सुरुवात करा. त्या म्हणाल्या त्यातच स्मरणिकेचा आराखडा आहे. भावाच्या मजकुरात खोटं काही नाही, पण त्यात आबा एकही काम करताना दिसत नाहीत. आईंच्या वाक्यात काम आहे आणि देव आहे, आणि सुताराच्या घरात ही दोन्ही एकाच महिन्यात समोरासमोर येतात. तिथेच तुम्हाला आबा सापडतील.

मृग लागतो ७ जूनच्या आसपास. त्याआधी गावातला जो तो पेरणीची पाभर, कुळव, जू घेऊन सुताराच्या दारात उभा. आणि माउलींची पालखी आळंदीहून हलते ज्येष्ठ वद्य अष्टमीला, तुकोबांची देहूहून सप्तमीला. २०२३ साली आळंदीचं प्रस्थान ११ जूनला होतं, म्हणजे ऐन मृगात. २०१८ साली अधिक ज्येष्ठ आल्यामुळे तेच प्रस्थान ६ जुलैला गेलं आणि सुताराला महिनाभर उसंत मिळाली. आबांच्या चाळीस वाऱ्यांत पहिल्या प्रकारची वर्षं पुष्कळ असणार. त्या वर्षी ते काय करायचे? वैशाखातच औतं उरकायचे? मागे भावाला किंवा मुलाला बसवून जायचे? पेरणी उरकून वाटेत लोणंदला किंवा फलटणला दिंडी गाठायचे? एखाद्या वर्षी कुणाची पाभर तशीच राहिली आणि शेतकरी बोलला, असंही झालं असेल. एवढ्या एका गोष्टीची नीट चौकशी केलीत तर स्मरणिकेची पहिली चार पानं भरतात आणि ‹कष्टाळू व धार्मिक› हे शब्द वापरावेही लागत नाहीत.

आता आईंशी बोलायचं कसं. ‹आबा कसे होते गं?› असं विचारलंत की ‹चांगले होते› यापलीकडे काही येणार नाही. समोर पेटी उघडा आणि एक हत्यार त्यांच्या हातात द्या. वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, हातात आला की त्याचा दांडा कुणी बसवला, तो कुठे टांगलेला असायचा, मुलांनी हात लावला तर आबा काय म्हणायचे, हे आपोआप निघतं. प्रश्न लहान आणि उत्तर नेमकं येईल असे विचारा. सकाळी पहिलं काय करायचे, अंघोळ आधी की विस्तव? हरिपाठ घरी म्हणायचे की देवळात, आणि तेव्हा लाकूड अर्ध्यावर असेल तर? अमावास्येला सुताराचं काम बंद असतं, मग त्या दिवशी आबा कुठे असायचे? खंडेनवमीला हत्यारं पूजेला मांडताना मधोमध कोणतं असायचं? एकादशीला उपास करून घण मारायचे की त्या दिवशी हलकं काम काढायचे? एका बैठकीला पाऊण तास पुरे. मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण फोन आधी फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऐन भरात कुणाचा तरी कॉल येऊन रेकॉर्डिंग तुटतं. पंखा बंद, कुकर बंद. फाइलला लगेच तारीख आणि नाव द्या आणि त्याच दिवशी दुसऱ्या ठिकाणी प्रत ठेवा. तासाभराचं बोलणं कागदावर उतरवायला चार-पाच तास लागतात हे धरून चला. सगळं उतरवायची गरज नाही, पण जे घ्याल ते आईंच्या बोलीतच राहू द्या. ‹त्या म्हणाल्या की आबा पहाटे उठत असत› असं सोवळं करू नका.

आईंच्या बरोबरीनेच गावातली सर्वांत म्हातारी चार-पाच माणसं पहिल्या महिन्यातच गाठा. पाहुणे, भाचे, नातवंडं नंतरही भेटतील. साल विचारू नका, साल कुणालाच आठवत नाही. ‹कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आबांचं लग्न झालं होतं का?› असं विचारा, म्हणजे १९६७च्या डिसेंबरच्या अलीकडचं की पलीकडचं ते कळतं. तसंच १९७२चा दुष्काळ. तेव्हा औतं थांबली, मग सुताराचं घर कशावर चाललं? गावात वीज कधी आली, टायरगाडी कधी आली, पहिला ट्रॅक्टर कुणाचा, हे प्रत्येक टप्प्यावर विचारा. आबांच्या धंद्याची कहाणी याच टप्प्यांनी पुढे जाते. लाकडी चाकांचं काम संपलं तेव्हा ते चौकटी-देव्हाऱ्यांकडे वळले, की आधीपासून दोन्ही करत होते, हे एवढ्यावरून कळेल.

बलुत्याच्या चार वह्या म्हणजे तुमच्याकडचा सर्वांत मोलाचा ऐवज. त्यांना लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. टेप काही वर्षांत पिवळी पडते आणि शाई घेऊन निघते. प्रत्येक पानाचा फोटो काढा. वही खिडकीजवळ आडवी ठेवा, फ्लॅश बंद ठेवा, फोन पानाला समांतर धरा. फोटो वहीच्या क्रमानेच ठेवा. वाचताना ‹पा.› म्हणजे पायली, ‹शे.› म्हणजे शेर. चार शेरांची पायली. मणाच्या पायल्या मात्र गावागणिक वेगळ्या असतात, म्हणून किलोमध्ये रूपांतर करून छापण्याच्या भानगडीत पडू नका. मूळ नोंद आहे तशी द्या. कामाच्या मापांत ‹तसू› आलं तर गजाचे २४ तसू, आणि ‹सूत› आलं तर इंचाचे आठ सूत. बघायचं ते हे : कोणत्या घरातून किती यायचं, कोणत्या वर्षी कुणाच्या नावापुढे काहीच नाही आणि तरी पुढच्या वर्षी त्याचं औत केलेलं आहे. उधारी सोडून दिल्याची अशी एखादी नोंद सापडली तर तिचा फोटो छापा. नाव मात्र झाका, त्या घरची माणसं गावातच आहेत.

हत्यारांचं. भावाला हात जोडून सांगा की पॉलिश नको. दांड्यावर हाताची पकड जिथे बसते तिथे लाकूड झिजून गुळगुळीत आणि काळपट झालेलं असतं. सॅण्डपेपर मारलात की पन्नास वर्षांची पकड दहा मिनिटांत जाते. पोलादावरचा सैल गंज कोरड्या फडक्याने पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब पसरा, बस्स. लाकडी दांड्यांना वॉर्निश नको. एखाद्या दांड्याला बारीक भोकं असतील आणि खाली ताजं पीठ पडत असेल तर आत भुंगा जिवंत आहे. तो दांडा पेटीतून वेगळा काढा, नाहीतर बाकीचे जातील.

फोटो ओसरीवर सावलीत, पांढऱ्या किंवा करड्या साध्या कापडावर, शेजारी फूटपट्टी ठेवून काढा. प्रत्येक हत्याराचे दोन फोटो : एक पूर्ण, एक जिथे झीज किंवा खूण आहे तिथला जवळून. नाव, लांबी, कशासाठी वापरायचे, हे लगेच लिहा. पटाशांची पाती मोजायला विसरू नका. नव्या पटाशीचं पातं साधारण पाच इंचांचं असतं. धार लावून लावून ते आखूड होतं. चारांपैकी एकच दीड-दोन इंचांवर आलेली असेल तर आबांनी आयुष्यात सर्वांत जास्त कोणत्या रुंदीची भोकं पाडली ते तिथे मोजून दिसतं. अशा पटाशीचा फोटो आणि त्याखाली दोन ओळी, यापेक्षा चांगलं श्रद्धांजलीचं पान शोधून सापडणार नाही.

पेटीइतकंच, किंबहुना जास्त, गावभर पसरलेलं आहे. एक वही घ्या आणि वाडीवस्तीवर फिरा. कुणाच्या घरी, काय वस्तू, कोणतं लाकूड, साधारण कधी, आज कोणत्या अवस्थेत, असे रकाने करा. देवळातला सभामंडप, घरांच्या चौकटी, कडीपाट, देव्हारे, पाळणे सगळं नोंदवा. गोठ्यात पडलेलं जू सुद्धा. आबांच्या कामाची एखादी खूण असेल, विशिष्ट नक्षी किंवा सांध्याला मारलेली पाचर, तर ती ओळखायला दुसऱ्या सुतारालाच बरोबर न्या. घरच्यांना कौतुक असतं, नजर नसते.

या नोंदीतलं एकच काम निवडा आणि ते पायरीपायरीने लिहा. दहा कामांची यादी देऊन आबा दिसणार नाहीत. गाडीचं चाक घेतलंत तर उत्तम, कारण ते करणारे हात आता राहिले नाहीत. कसं लिहायचं याचा हा कच्चा नमुना, तपशील गावातून पडताळून घ्या : बाभळीचा ओंडका आणायचा आणि भुंगा लागू नये म्हणून तो ओढ्यात किंवा विहिरीत बुडवून ठेवायचा, मग सावलीत वाळवायचा. तुंबा, म्हणजे चाकाचा मधला गड्डा, घडवायचा, त्याच्या भोवती सारख्या अंतरावर भोकं पाडायची. आरे, म्हणजे चाकाच्या काड्या, तासून तुंब्यात ठोकायचे. बाहेरून पुठ्ठे, म्हणजे घेराचे वळणदार लाकडी तुकडे, बसवायचे, एका पुठ्ठ्यात दोन आरे, म्हणजे बारा आऱ्यांना सहा पुठ्ठे. इथून पुढे लोहार लागतो. लोखंडी धाव, म्हणजे चाकावरची गोल पट्टी, चाकाच्या घेरापेक्षा किंचित तोकडी करायची, शेण्यांच्या जाळात लाल करायची, फुगली की चिमट्यांनी उचलून चाकावर उतरवायची, ठोकून बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. गार होताना ती आवळते आणि सगळे सांधे एकमेकांत दाबून धरते. लाकूड ओलं राहिलं असेल तर दोन उन्हाळ्यांत आकसतं, आरे तुंब्यात हलायला लागतात आणि गाडी लांबून ओळखू येईल अशी खडखडते. धाव फार तोकडी झाली तर गार होताना पुठ्ठ्याचा सांधा चिरतो. आता यात आबांचं काय ते शोधा. ओंडका किती महिने पाण्यात ठेवायचे? धाव कुणाच्या भट्टीवर चढवायचे? पाणी ओतायला घरातलं कोण असायचं? आई असणार, विचारून बघा. भागांची नावं तुमच्या गावात जी म्हणतात तीच छापा, आमची नकोत.

वारीबद्दल लिहिताना पालखी सोहळ्याचा इतिहास छापू नका. हैबतबाबांनी सोहळा सुरू केला इथपासून दोन पानं भरलेल्या स्मरणिका ढिगाने निघतात. वाचणारे सगळे वारकरी, त्यांना ते पाठ आहे. त्याऐवजी आबांची दिंडी कितव्या नंबरची, रथापुढची की रथामागची, हे लिहा. तेवढ्यावरून जाणकार माणूस ते कुठे चालत होते हे सांगतो. हातात काय असायचं, टाळ, वीणा की पताका? भिशीचे, म्हणजे दिंडीतल्या जेवणखर्चाच्या वर्गणीचे, पैसे कसे जमवायचे? दिंडीप्रमुखांकडे भिशीच्या जुन्या वह्या असतात, त्यांत आबांचं नाव कोणत्या सालापासून दिसतं ते पाहून घ्या, म्हणजे ‹चाळीसच्या वर› याला आधार मिळेल. सुतार माणूस वारीत रिकाम्या हाताने जात नाही. पडशीत एखादं किंकरं (बारीक पटाशी), हातोडी होती का, ट्रकच्या फळ्या, तंबूच्या मेखा कोण दुरुस्त करायचं, हे दिंडीतल्या माणसांना विचारा. २०२० आणि २०२१ साली पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि वारकरी घरी राहिले. ती दोन आषाढ आबांनी कशी काढली, हे आईंना आणि नातवंडांना नक्की आठवत असेल. अभंग छापायचे तर त्यांच्या हरिपाठाच्या पुस्तकाची जी पानं बोटांनी मळली आहेत त्यांतलेच एक-दोन घ्या. रिकामी जागा भरायला अभंग वापरू नयेत.

आता दारूचं. लिहायचं की नाही हा निर्णय तुमचा नाही, भावाचाही नाही. तो आईंचा आहे, कारण सोसलं त्यांनी. त्यांना एकटीला, भाऊ-वहिनी घरात नसताना, सरळ विचारा. ‹नको› म्हणाल्या तर विषय तिथेच मिटवा आणि पुन्हा काढू नका. ‹लिही› म्हणाल्या तर लिहा, पण एक-दोन वाक्यांत आणि माळेच्या पानावर : अमुक साली आबांनी माळ घातली, त्याआधी ते प्यायचे, आईने त्या वर्षांत घर असं असं चालवलं. शेवटचा भाग वगळू नका. बहुतेक ठिकाणी ‹माळ घातली आणि आयुष्य पालटलं› एवढंच येतं आणि बाई त्यातून गायब होते. आईंनी शेण्या थापून, दुसऱ्याच्या रानात खुरपून जे केलं ते आबांच्या चरित्राचाच भाग आहे. माळ घातल्यावरही कधी पाय घसरला असेल तर तेवढ्यासाठी आबांना संत करायची गरज नाही आणि सगळ्या गावाला हिशेब द्यायचीही नाही. छापायच्या आधी हे पान आईंना वाचून दाखवा. बाकीची पानं भावाने वाचली तरी चालेल.

छपाई. मधोमध पिना मारायच्या असतील तर पानं चारच्या पटीत हवीत, ३२ बरोबर आहेत, मुखपृष्ठ वेगळं धरा. आकार एक अष्टमांश डेमी. वाचणारे बरेचसे साठीच्या पुढचे असणार, म्हणून अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको. अशा पानात सव्वादोनशे शब्द सुखाने मावतात. वीस पानं मजकूर धरला तर साडेचार हजार शब्द होतात. एवढंच लिहायचं आहे, घाबरू नका. बाकी फोटो. पासपोर्ट आकाराचा जुना फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा. काचेला चिकटलेला फोटो सोलून काढायला जाऊ नका, काचेसकट तिरक्या उजेडात काढा. प्रेसला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे तर ‹डॉक्युमेंट› म्हणून पाठवा, नाहीतर बारीक होऊन जातात आणि छापल्यावर चेहऱ्याचे चौकोन दिसतात. मजकूर युनिकोडमधून प्रेसच्या फॉन्टमध्ये नेताना जोडाक्षरं आणि रफार फुटतात. ‹वारकऱ्यांच्या›, ‹पुठ्ठ्यांना›, ‹आऱ्यांना›, ‹कार्तिकी› असे शब्द मुद्रितात बोट ठेवून तपासा. गावातल्या माणसांची नावं गावातल्याच माणसाकडून वाचून घ्या. नाव चुकलं तर पुढची दहा वर्षं ऐकावं लागतं. अर्ध्या अर्ध्या पानाच्या ‹भावपूर्ण श्रद्धांजली›च्या जाहिराती घेऊ नका. खर्च निघतो खरा, पण ३२ पैकी १२ पानं दुकानांची होतात. त्यापेक्षा ३००ऐवजी २०० प्रती काढा.

वर्षश्राद्धाला कीर्तन असेलच. महाराजांना पंधरा दिवस आधी एक कागद द्या : आबांची दिंडी, माळेचं साल, चाकाची हकीकत, वहीतली नोंद, देवळातलं काम, एवढे पाच मुद्दे, नावं बरोबर लिहून. नाही दिलंत तर ते गोरोबाकाकांचा दृष्टान्त घेऊन तासभर छान बोलतील आणि आबांचं नाव शेवटी एकदा घेतील. दोष त्यांचा नसतो, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

पेटी विकायचा विषय वर्षश्राद्ध होईपर्यंत थांबवा. तोवर सगळ्यांचे फोटो, मापं, नोंदी झालेल्या असतील. मग आईंना आणि नातवंडांना हवी ती दोन-तीन बाजूला काढा. बाकीची भंगारात किलोवर घालू नका आणि शोकेसमध्येही नको. जिल्ह्यात अजून हाताने काम करणारा सुतार असेल तर त्याला वाकस, रंधे, पटाशा वापरायला द्या. जुन्या पोलादाला धार चांगली राहते, तो नाही म्हणणार नाही. वहिनींची जागेची अडचणही त्यात सुटते.